नारद-तुंबर : स्वर्गाचे गाणे आणि हरीचे गाणे

आपल्या संप्रदायाच्या अभंगांत नारद-तुंबर ही जोडी ठायी ठायी येते. नारद कोण हे लहान लेकरालाही ठाऊक आहे. तुंबर कोण असे विचारले, तर दहा वाऱ्या केलेला माळकरीही "असेल कोणी देव" म्हणून मोकळा होतो. आमच्या नेर-परसोपंत भागात कापसाची वेचणी आटोपत आली की गावोगाव सप्ताह बसतात. तेथे रात्रीच्या कीर्तनानंतर चार मंडळी जवळ येऊन बसतात आणि कोणीतरी हा प्रश्न काढतोच. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. महाराज, गंधर्व म्हणजे स्वर्गातले गवई ना? देवापुढे गाणारे, तेही सुरेल. मग पुराणांत त्यांनाच इतके शाप का? आणि ज्याचे गाणे नारदाच्या जिव्हारी लागले त्याचेच नाव नारदाला जोडून का घ्यायचे?

प्रश्न नीट आहेत. त्यांची उत्तरे शास्त्रात आहेत, आणि ती आजच्या कीर्तनाच्या मंडपापर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

प्रथम शब्द पाहू. अमरकोशात दहा देवयोनी सांगितल्या आहेत. विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, किन्नर यांच्या पंक्तीत गंधर्व येतात. म्हणजे गंधर्व हे देव नव्हेत; देवांच्या आसपास राहणारी ती एक जात आहे. विश्वावसू, चित्ररथ, हाहा, हूहू, तुंबरू ही त्यांतली प्रसिद्ध नावे. तुंबरूलाच आपण प्राकृतात तुंबर म्हणतो. प्रत्येकाची वीणा वेगळी, आणि कोशकारांनी तिचीही नावे नोंदवून ठेवली आहेत : विश्वावसूची बृहती, तुंबरूची कलावती, नारदाची महती आणि सरस्वतीची कच्छपी. त्याच अमरकोशात गंधर्व शब्दाचा दुसरा अर्थ घोडा असाही दिला आहे, आणि तुंबरूची मूर्ती घोड्याच्या तोंडाची दाखवतात. तेव्हा माउलींच्या रिंगणात जो अश्व धावतो, तोही कोशाच्या हिशेबाने गंधर्वच! हे आपले गमतीने सांगितले. पण सामवेदाचा जो उपवेद, ज्यात गाण्याचे शास्त्र, त्याला गांधर्ववेद म्हणतात, ही गोष्ट गमतीची नव्हे. गाणे ही वेदाच्याच कुळातली विद्या आहे.

गंधर्वांची मूळची कीर्ती मात्र गायनाची नाही. शतपथ ब्राह्मणात एक कथा आहे. सोम गंधर्वांच्या ताब्यात होता. गंधर्वांना स्त्रियांचा सोस, हे देवांना माहीत. म्हणून देवांनी वाग्देवीला त्यांच्याकडे पाठवले आणि सोम मिळवला. पुढे वाग्देवी परत कशी आणावी ही चिंता पडली. दोन्ही पक्ष म्हणाले, तिच्या मनाला येईल तिकडे ती जाईल. गंधर्वांनी तिला वेद म्हणून दाखवला, आम्ही एवढे जाणतो म्हणाले. देवांनी वीणा निर्माण केली आणि गात वाजवीत तिच्यापुढे बसले. वाणी देवांकडे गेली. म्हणजे त्या वेळी पाठांतर गंधर्वांकडे आणि गाणे देवांकडे होते! याज्ञिक मंडळी या कथेचा अर्थ आपल्या परीने लावतात. कीर्तनकाराने इतके घ्यावे की, मला किती येते हे दाखवणाऱ्याकडे वाणी राहत नाही.

पुढे पुराणांत गंधर्व हे गायक म्हणून स्थिर झाले, आणि तेथूनच त्यांच्या पतनाच्या कथा सुरू होतात. गजेंद्राचा पाय धरणारी ती सुसर कोण? भागवत सांगते, तो हूहू नावाचा गंधर्व, देवल ऋषींच्या शापाने जलचर झालेला. आणि आपला तुंबर? वाल्मीकींच्या अरण्यकांडात विराध नावाचा राक्षस श्रीरामांच्या हातून पडतो आणि पडता पडता सांगतो की, मी मूळचा तुंबरू गंधर्व. रंभेच्या नादी लागून कुबेराच्या सेवेला वेळेवर हजर झालो नाही, म्हणून शापाने या देहात आलो. ज्याच्या गळ्यावर वैकुंठ खूश, त्याला दंडकारण्यात माणसे खात फिरावे लागले. शाप श्रीरामांच्या हातून सुटला हे त्याचे भाग्य.

पण सर्वांत मोठी कथा खुद्द नारदाची आहे आणि ती कीर्तनात फार कमी सांगितली जाते. भागवताच्या सातव्या स्कंधाच्या शेवटी नारद धर्मराजाला आपला पूर्वजन्म सांगतात. मागच्या कल्पात मी उपबर्हण नावाचा गंधर्व होतो. रूप देखणे, अंगाला सुगंध, स्त्रियांचा लाडका, सदा मदात. एकदा देवांचे सत्र चालले होते. हरिकथा गाण्यासाठी प्रजापतींनी गंधर्वांना आणि अप्सरांना बोलावले. मीही गेलो, पण गेलो तो स्त्रियांच्या घोळक्यात, गात गात. प्रजापतींनी ते पाहिले आणि शाप दिला : तुझे हे तेज जाईल आणि तू शूद्रयोनीत जन्म घेशील.

आता नीट पाहा. उपबर्हण बेसूर गायला नव्हता. त्याने गाणेही चुकीचे निवडले नव्हते; बोलावणे हरिकथेचेच होते. चूक कोठे झाली? हरीचे गाणे त्याने स्वतःची शोभा केले. मंडप हरीचा, पद हरीचे आणि मिरवणूक स्वतःची. शाप त्याला लागला.

त्या शापाची पुढची बाजू पहिल्या स्कंधात आहे. तो दासीपुत्र झाला. पावसाळ्यात काही साधू त्या गावी चातुर्मास राहिले. आई त्यांच्या सेवेला, पोर आईबरोबर. पोर कमी बोलणारे, खेळाचा नाद नसलेले. साधूंच्या आज्ञेने त्याने एकदा त्यांचे उच्छिष्ट खाल्ले आणि रोज कृष्णकथा ऐकली. पाच वर्षांचे पोर. आई रात्री गाय दोहायला बाहेर पडली, तिला सर्प डसला. पोर उत्तरेकडे चालू लागले. पुढे अरण्यात पिंपळाखाली बसले असता त्याच्या हृदयात हरी एकदाच चमकून गेला, तो पुन्हा त्या देही दिसला नाही. त्या एका दर्शनाच्या तहानेने तो पुढल्या कल्पात देवर्षी झाला. गंधर्व असताना जे मिळाले नाही, ते दासीच्या पोटी येऊन चार महिन्यांच्या श्रवणाने मिळाले. आषाढी-कार्तिकीच्या मधल्या चातुर्मासात आपण पोथी लावतो, तिचे माप येथे कळते. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात, तेव्हा गंधर्वांत चित्ररथ मी आणि देवर्षींत नारद मी, असे एकाच श्लोकात येते. नारदाचे नाव गंधर्वांच्या ओळीत घेतलेले नाही. ती ओळ त्यांनी मागे टाकली होती.

येथे कोणी म्हणेल, महाराज, मग झाले तर! भाव पाहिजे, सुराचे काय? गळा नसला तरी चालते. असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठीच पुढची कथा आहे. ती लिंगपुराणाच्या उत्तरार्धात अगदी आरंभी आहे, अद्भुत रामायणातही आहे.

कौशिक नावाचा एक ब्राह्मण होता. बसता, उठता, जेवता वासुदेवाचे गुण गाई. स्वर, ताल, मूर्छना सगळे जाणून गाई. पद्माक्ष नावाचा एक गृहस्थ त्याला आणि त्याच्या मंडळींना अन्न देई. मालव नावाचा वैश्य तेथे रोज दिवे लावी आणि त्याची पत्नी मालती हरीचे ते स्थान शेणाने सारवून ठेवी. ही नावे मी मुद्दाम सांगतो. सप्ताहात ज्यांना टाळ धरता येत नाही, चाल उचलता येत नाही, जे चुलीपाशी पोळ्या लाटतात, मंडप झाडतात, त्यांचीही नावे पुराणकाराने लिहून ठेवली आहेत. शेवटी वैकुंठाला गेले ते सगळेच गेले.

कौशिकाची कीर्ती कलिंगाच्या राजाच्या कानी गेली. राजा आला आणि म्हणाला, आता माझी कीर्ती गा. कौशिक म्हणाला, राजा, ही जीभ हरीवाचून कोणाला गात नाही. इंद्राला सुद्धा नाही. शिष्यांनीही तेच सांगितले. श्रोते म्हणाले, आमचे कान हरीवाचून दुसरे ऐकत नाहीत. राजा चिडला. आपल्या भाटांना म्हणाला, तुम्ही माझे गाणे गा, पाहू हे कसे ऐकत नाहीत. तेव्हा त्या ब्राह्मणांनी एकमेकांच्या कानांत लाकडाच्या खुंट्या बसवल्या. आपल्याकडून जबरदस्तीने गाववतील म्हणून कौशिकादिकांनी आपल्या जिभांची टोके स्वतःच्या हाताने कापली. राजाने त्यांचे सर्वस्व हिरावून त्यांना देशोधडीला लावले.

ही गोष्ट ऐकून कोणी जीभ कापू नये. पुराणाचा रोख तिकडे नाही. पण कलिंगाचा राजा मेला असे मात्र कोणी समजू नये. तो आजही येतो. मोटारीतून येतो. अभंगाचे दुसरे चरण चालू असते, मृदंग रंगात आलेला असतो, आणि कोणीतरी कीर्तनकाराच्या कानाशी लागते : महाराज, साहेब आले आहेत, दोन शब्द बोला. मग कीर्तन थांबते. शाल येते, नारळ येतो, हार येतो. साहेबांनी सभामंडपाला काय दिले हे नारदाच्या गादीवरून सांगितले जाते. अहो, सत्कार करायचा तर कीर्तनाच्या आधी करा, नंतर करा. दात्याला मान द्यायला कोणाची ना नाही. पद्माक्षाचे अन्न कौशिकाने घेतलेच होते. पद्माक्ष गा म्हणाला नाही, एवढाच त्याच्यात आणि राजात फरक. जेथे हरिकथा करावी तेथे अन्नद्रव्य घेऊ नये, असा तुकोबारायांचा दंडक आहे. आज प्रवासाला पैसा लागतो, बरोबरच्या टाळकऱ्यांना घरदार आहे, हे मला कळते. पण आकडा ठरल्याशिवाय वीणेला हात लागत नाही असे ज्याचे झाले, त्याची जीभ राजाने कापलेली नाही, विकत घेतली आहे.

असो. कौशिक मंडळींसह विष्णुलोकी गेला. तेथे त्याच्या आगमनाचा मोठा गानोत्सव झाला. लक्ष्मी हजारो दासींसह आली. दासींनी हातातल्या वेतांनी देवांना आणि ऋषींना दूर सारले. त्यांत नारदही होते. आत बोलावणे आले ते एकट्या तुंबराला. तो भगवंताजवळ बसून गायला आणि अलंकार घेऊन बाहेर पडला. नारदांच्या मनात आग पेटली. मी इतका हरिभक्त, मला दासींनी हाकलावे आणि या गंधर्वाला जवळ बसवावे? त्यांनी मोठे तप केले. तेव्हा वाणी झाली की, तपाने हे काम होणार नाही. गाणे शिकायचे असेल तर मानसोत्तर पर्वतावर गानबंधू नावाचे घुबड आहे, त्याच्याकडे जा.

देवर्षीचा गुरू घुबड! ज्याचा आवाज ऐकला की आपल्याकडे बाया लेकरांना आत घेतात, त्याच्यापाशी नारदांनी शिष्य होऊन बसायचे. या घुबडाची कथाही ऐकण्यासारखी आहे. तो आपली कथा सांगताना एका राजाचे नाव घेतो, भुवनेश. त्याने हजार अश्वमेध केले, दाने दिली. पण राज्यात दवंडी पिटवली की, ब्राह्मणांनी हरीला वेदानेच पुजावे. गाणे मात्र माझ्यासाठी, दुसऱ्या कोणासाठी गाल तर मृत्यू. हरिमित्र नावाचा ब्राह्मण नदीकाठी हरीच्या मूर्तीपुढे गात असे. राजाने त्याचे धन हिरावले, त्याला हाकलून दिले. मेल्यावर भुवनेशाचे सगळे अश्वमेध फुकट गेले. घुबड होऊन एका ढोलीत बसायचे आणि आपलेच जुने प्रेत खाऊन भूक भागवायची, असे त्याच्या वाट्याला आले. तेच हे घुबड. पुढे हरिमित्र विमानातून जात असता त्याने हे पाहिले, त्याला दया आली. त्याने क्षमा केली आणि वर गानविद्या दिली. ज्याने गाणे बंद करवले, त्याला ज्याचे गाणे बंद झाले त्याने गाणे शिकवले!

भागवतातही या जातीचा एक प्रसंग आहे. हिरण्यकशिपू पडल्यावर सगळे नृसिंहाची स्तुती करतात, तेव्हा गंधर्व म्हणतात की, आम्ही तुझे गायक, तुझे नट. याने बळाने आम्हाला आपले करून घेतले होते. सत्तेला गाणे लागतेच, आणि ते स्वतःसाठी लागते.

गानबंधूने नारदांना काय शिकवले? पहिली गोष्ट, लाज सोडा. भोजनात, व्यवहारात, व्याख्यानात आणि गाण्यात लाजणाऱ्याचे काम होत नाही. मग त्याने नियम सांगितले. ते मी प्रत्येक नव्या टाळकऱ्याला सांगतो. हातवारे करीत गाऊ नये. जबडा वासून किंवा जीभ बाहेर काढून गाऊ नये. आकाशाकडे डोळे लावून, स्वतःच्या अंगाकडे पाहत, किंवा दुसऱ्याकडे टक लावून गाऊ नये. कमरेवर हात ठेवून गाऊ नये. कमरेवर हात ठेवण्याचा अधिकार एकाचाच आहे, तो विटेवर उभा आहे, ही माझी पुरवणी. हसत, रागात, कापत, मन दुसरीकडे ठेवून गाऊ नये. भुकेला, तहानलेला, भ्यालेला असता गाऊ नये. अंधारात गाऊ नये. आणि एका हाताने ताल धरता येत नाही.

या शेवटच्या नियमावर आपला सगळा संप्रदाय उभा आहे. टाळ दोन हातांनी वाजतो. हात वर करू नयेत असाही एक नियम त्यात आहे. त्यावर एका तरुण कीर्तनकाराने मला विचारले की, आपण गजरात हात वर करतो त्याचे काय? माझे मत असे की, तो नियम पद गाताना आहे. नामाच्या गजरात पावली चालू झाली म्हणजे ते नुसते गाणे राहत नाही. तेथे अंग नाचते, हात आपोआप वर जातात.

नारद शिकले. बराच काळ शिकले. आता तुंबराला जिंकतो म्हणून त्याच्या घरी निघाले. दाराशी पाहतात तो काय, कितीएक स्त्री-पुरुष पडलेले. कोणाचा हात तुटलेला, कोणाचा पाय, कोणाचे नाक. नारदांनी विचारले, तुमची ही दशा कोणी केली? ते म्हणाले, आम्ही राग आणि रागिणी. नारद नावाचा एक जण गातो, त्याच्या गाण्याने आमची अंगे तुटतात. मग तुंबर गातो, तेव्हा ती जोडली जातात; म्हणून येथे येऊन पडलो आहोत.

भक्तिसूत्रे ज्यांच्या नावावर आहेत त्यांच्या गाण्याने रागांची हाडे मोडतात! पुराणकाराने येथे कोणाचीही भीड ठेवली नाही. भाव होता, तप होते, गुरूकडची विद्याही होती. पण गाणे तुंबराला हरवायला निघाले होते, तेव्हा सूर फाटलाच. आणि उलटही खरे. भाव आहे म्हणून सुराकडे दुर्लक्ष करणाऱ्याने रागांना आणखी थोडे मारले, एवढेच.

आपल्या मंडपात हा मार दोन्ही बाजूंनी बसतो. एक पक्ष काकड्याला भूपाळीचा सूर सोडून सिनेमातली चाल लावतो. श्रोत्यांच्या मनात अभंगाआधी ते सिनेमातले गाणे उभे राहते, ज्ञानोबा-तुकोबा मागे राहतात. वर भोंग्याला घुमारा इतका लावतात की शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दाला गाठतो. दुसरा पक्ष म्हणतो, आम्हाला काय करायचे संगीत, आम्ही माळकरी. ही गैरसमजूत जुन्या मंडळींत नव्हती. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षणसंस्था काढली, ती कीर्तनकाराला शिक्षण पाहिजे म्हणून. आमच्या वऱ्हाडात माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) झाले. डोळे बाळपणीच गेलेले, पण वेदान्ताबरोबर गाण्यावरही त्यांनी ग्रंथ केला, त्याचे नाव गानसोपान. नेत्र नसलेल्याने सोपान बांधून ठेवला आणि डोळस माणसाने म्हणावे की मला पायऱ्या दिसत नाहीत, याला काय म्हणावे?

महाराष्ट्राने तर गंधर्व हा शब्द गवयाची पदवीच करून टाकला. विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचे चिरंजीव. त्यांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढले त्याला नाव दिले गांधर्व महाविद्यालय. कीर्तनाच्या घरातून निघालेले गाणे असे देशभर गेले. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांना लोकमान्यांनी बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. त्यांचे 'कान्होपात्रा' नाटक १९३१ साली आले आणि त्यातली भजने नाटकगृहातून निघून घराघरांत गेली. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या गळ्यातले अभंग आज एकादशीला कोठे ऐकू येत नाहीत? या मंडळींकडून वारकऱ्याने सूर घ्यावा, मैफल घेऊ नये. मैफलीत गाणारा एक आणि ऐकणारे हजार. कीर्तनात कीर्तनकार चरण सोडतो, टाळकरी उचलतात, श्रोते झेलतात. ज्याला काही येत नाही तो विठ्ठल विठ्ठल तरी म्हणतो.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाची मोजदाद आहे. माणसाच्या पूर्ण सुखाच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा आनंद, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा. पण प्रत्येक पायरीवर श्रुती थांबून सांगते की, जो वेद जाणतो आणि ज्याला कामनेने मारलेले नाही, त्याला तोच आनंद येथेच आहे. गंधर्वाच्या सुखाला गंधर्व होण्याची गरज नाही, असे खुद्द वेद म्हणतो.

आता कथेचा शेवट. रागांची ती दशा पाहून नारद खजील होऊन भगवंताकडे गेले. भगवंत म्हणाले, तू अजून तुंबराच्या बरोबरीला आला नाहीस. मी कृष्णावतार घेईन, तेव्हा ये. नारद द्वारकेला गेले. श्रीकृष्णांनी त्यांना जांबवतीकडे पाठवले. तेथे वर्षभर शिकले. मग सत्यभामेकडे वर्षभर. मग रुक्मिणीकडे. रुक्मिणीच्या दासींनी ऐकले आणि तोंडावर सांगितले, मुनी, तुम्हाला अजून स्वर कळत नाही. नारद तेथे दोन वर्षे राहिले. त्यानंतर कोठे श्रीकृष्णांनी स्वतः त्यांना जवळ घेतले आणि शिकवले.

ही रुक्मिणी कोणाची? आपली. विदर्भाच्या भीमकाची लेक. जी वर्धा नदी आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या शिवेवरून पुढे वाहत जाते, तिच्याच काठी अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूर आहे, तिचे माहेर. तेथून पंढरपूरला पालखी जाते; ती १५९४ सालापासून चालू आहे असे परंपरा सांगते. माहेरची पालखी लेकीला भेटायला जाते, हा वऱ्हाडातल्या बायांना या वारीतला सर्वांत जवळचा अर्थ वाटतो. जिने सात श्लोकांचे पत्र लिहून आपले लग्न आपण ठरवले, तिच्या घरी नारदाचा सूर लागला. स्वयंपाकघरातल्या दासी ज्याला नापास करू शकल्या, तो ते मुकाट्याने ऐकून दोन वर्षे शिकला. उपबर्हण स्त्रियांच्या घोळक्यात गायला आणि पडला. नारद स्त्रियांच्या पायाशी शिकला आणि तरला. स्त्रिया त्याही होत्या, ह्याही होत्या. फरक उपबर्हणात आणि नारदात पडला होता.

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, रात्रंदिवस पहारा चालतो. अजूनही काही गावी पहाऱ्याची यादी करताना बायांची नावे घालावी की नाही यावर वाद होतो. मुक्ताई, जनाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांचे अभंग त्याच वीणेवर म्हणायचे आणि वीणा मात्र त्यांच्या लेकींच्या गळ्यात द्यायची नाही, हे मला कोणत्या शास्त्रात बसते ते सापडलेले नाही. लिंगपुराणात तर उलटच आहे. दुपारी दोन ते चारचा पहारा पुरुष टाळतात, कारण त्या वेळी झोप येते. तो तरी बायांना द्या म्हणजे वाद मिटेल, असे एका गावी सुचवले गेले. मी म्हटले, पहाटेचाही द्या.

श्रीकृष्णांनी शिकवल्यावर नारदांच्या मनातला तुंबराचा मत्सर गेला. पुराणकार सांगतात की ते गात नाचू लागले. ज्याला जिंकायला निघाले होते तो सोबती झाला आणि दोघांची नावे एकत्र लागली, ती अभंगांत तशीच आली. पंढरपुरी विष्णुपदाजवळ नदीच्या पात्रात नारदाचे देऊळ आहे. पुढल्या वारीत गेलात तर पाणी कमी असताना दर्शन घ्या आणि तेथे तुंबराचेही नाव घ्या. येथे नेरला आमची मंडळी पहारा बदलताना वीणा गळ्यातून गळ्यात देतात, आणि देणारा घेणाऱ्याच्या, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. मग नवा पहारेकरी तार जुळवतो आणि पहिले नाम उचलतो.